सायलेन्सर, ओढ आणि उस्तादांचा कान

धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातले सास्तूर महाराष्ट्राला माहीत झाले ते भूकंपामुळे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली आणि किल्लारी, सास्तूर व आसपासची गावे काही क्षणांत मातीमोल झाली. त्यानंतर या गावांवर जे लिहिले गेले ते बहुतेक त्या पहाटेवरच. पण गावाचा इतिहास एका पहाटेत मावत नाही. उमरगा, लोहारा, माकणी, किल्लारी, औसा या रस्त्यांवरून कोणत्या गाड्या धावल्या, त्या कोणी चालवल्या आणि बंद पडल्यावर कोणी दुरुस्त केल्या, हाही इतिहासच आहे. तो दप्तरात कमी आणि गॅरेजमध्ये जास्त सापडतो.

त्या इतिहासातला एकच धागा आज घ्यायचा आहे, तो म्हणजे सायलेन्सर. विषय किरकोळ वाटेल. पण मराठवाड्यातल्या कोणत्याही गॅरेजवर तासभर बसा, हा संवाद कानावर पडतोच.

"चाचा, सायलेन्सर फ्री करून द्या. पिकअप वाढतो म्हणतात."

"बेटा, आवाज वाढंल. ओढ वाढंलच असं नाही."

पोराला ते पटत नाही. त्याने मोबाइलवर व्हिडिओ पाहिलेला असतो. जवळ मजुरीतून जमवलेले चार पैसे असतात. शेवटी चाचा वेल्डिंगचा चष्मा लावतो, कारण नाही म्हटले तर पोरगा पुढच्या गॅरेजवर जाणार. पैसे पोराचे जातात, दंडाची पावती त्याच्याच नावाने फाटते आणि बिघडलेले इंजिन पुन्हा चाचाच्याच दारात येते. म्हणून सायलेन्सर बदलला की गाडीची ओढ खरोखर वाढते का, हे एकदा नीट समजून घेतले पाहिजे.

ओढ म्हणजे काय?

आपण ज्याला 'ओढ' किंवा 'पिकअप' म्हणतो, त्याचे इंजिनिअरिंगमधले नाव टॉर्क. टॉर्क म्हणजे पिळण्याचा जोर. चाकाचा नट निघत नसला की मिस्त्री पान्याला लांब पाइप लावतो. हात तोच असतो, पण पिळण्याचा जोर वाढतो. एक मीटर लांब पान्याच्या टोकाला साधारण १०० ग्रॅम वजन टांगले तर नटावर जो पीळ बसतो, तो झाला १ न्यूटन-मीटर.

पॉवर ही वेगळी गोष्ट आहे. टॉर्कला इंजिनाच्या फेऱ्यांनी गुणले की पॉवर मिळते. उसाच्या दोन ट्रॉल्या भरून शेतातून बाहेर निघणाऱ्या ट्रॅक्टरला कमी फेऱ्यांवर मोठा टॉर्क लागतो. रिकाम्या हायवेवर वेग गाठायचा तर जास्त फेऱ्यांवरची पॉवर कामाला येते. सायलेन्सरबाबतचा निम्मा गोंधळ या दोन गोष्टी एकच समजल्याने होतो.

जीप आणि विस्मरणात गेलेले एक नाव

आपल्या भागाला ओढ ही चीज कळली ती जीपमुळे. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपचे इंजिन २.२ लिटरचे, बार्नी रूस या अभियंत्याने सुधारलेले. ते २००० आरपीएमला सुमारे १४२ न्यूटन-मीटर टॉर्क देई आणि ४००० आरपीएमला ६० अश्वशक्ती. हिशोब केला तर ४००० आरपीएमला टॉर्क १०७ न्यूटन-मीटरच्या आसपास उतरलेला दिसतो. म्हणजे पॉवर सर्वांत जास्त असते तेव्हा ओढ घटलेली असते. चिखलातून निघायला जीपला बोंबलत पळावे लागत नसे, ती हळूहळू ओढत बाहेर येई. तिची कीर्ती या कमी फेऱ्यांवरच्या जोरावर उभी होती.

ही जीप भारतात जोडणाऱ्या कंपनीचा इतिहास आपल्या वाचकांनी लक्षात ठेवावा असा आहे. १९४५ मध्ये ती स्थापन झाली तेव्हा तिचे नाव 'महिंद्रा अँड मोहम्मद' होते. जे. सी. महिंद्रा आणि के. सी. महिंद्रा या भावांचे भागीदार होते मलिक गुलाम मोहम्मद. फाळणीनंतर ते पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनी 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाली. बोनेटवरची 'एम अँड एम' ही अक्षरे जुन्या नावालाही लागू पडत होती. फाळणीने माणसे, घरे, जमिनी वाटल्या, तशी एका कारखान्याच्या पाटीवरची नावेही वाटली.

त्याच १९४८ च्या सप्टेंबरात आपल्या भागाने लष्करी गाड्यांचा मोठा ताफा पाहिला. हैदराबाद संस्थानावरील कारवाईत मेजर जनरल जे. एन. चौधुरी यांच्या फौजेची मुख्य फळी सोलापूरहून नळदुर्ग, उमरगा याच रस्त्याने हैदराबादकडे गेली. त्याआधी रझाकारांनी केलेले अत्याचार आणि त्यानंतर सामान्य मुस्लिमांवर कोसळलेली आपत्ती, या दोन्ही गोष्टी हा जिल्हा जाणतो. पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचे नाव घेतले होते. संस्थान गेले आणि सरकारी चाकरीवर विसंबलेल्या मुस्लिम कुटुंबांचा तो आधारही गेला. सनद नसलेल्या माणसाकडे हातातला हुनर उरतो. ड्रायव्हिंग, वेल्डिंग, रेडिएटर, डेंटिंग-पेंटिंग, इंजिनकाम हे धंदे आपल्या मोहल्ल्यांत इतके का दिसतात, याचे एक उत्तर या परिस्थितीत आहे. मुस्लिमांत स्वयंरोजगारावर जगणाऱ्यांचे प्रमाण इतर समाजघटकांपेक्षा जास्त असल्याचे सच्चर समितीने २००६ मध्ये आकडेवारीनिशी मांडले. गॅरेज हे त्या आकडेवारीचे रोज दिसणारे रूप आहे.

नळीच्या आत काय घडते?

आता सायलेन्सरकडे येऊ. १८९७ मध्ये अमेरिकेतल्या मिल्टन आणि मार्शल रीव्ह्ज या भावांनी इंजिनाच्या मफलरचे पेटंट घेतले. पुढे हायरम पर्सी मॅक्सिम याने बंदुकीचा सायलेन्सर तयार केला, १९०९ मध्ये त्याचे पेटंट मिळवले आणि तेच तत्त्व इंजिनांच्या मफलरलाही लावले. मशीनगन बनवणाऱ्या हायरम मॅक्सिमचा हा मुलगा. बापाने जगाचा आवाज वाढवला आणि मुलगा तो कमी करत बसला.

सायलेन्सर आला तशी त्याच्याबद्दलची तक्रारही आली. तो इंजिनाचा श्वास कोंडतो, ही समजूत शंभर वर्षांहून जुनी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन मोटारींना 'कटआउट' नावाची झडप असे. चढ आला की चालक दट्ट्या दाबून धूर थेट बाहेर सोडी. आवाजाने लोक इतके वैतागले की अनेक शहरांनी कटआउटवर बंदी घातली. आज बुलेटला फटाका सायलेन्सर लावणाऱ्या पोराला वाटते की आपण काही नवे करतो आहोत. त्याच्या पणजोबांच्या वयाच्या माणसांनी ते करून पाहिले होते आणि त्यांनाही दंड झाला होता.

मग त्या समजुतीत तथ्य आहे का? थोडे आहे, आणि ते पाइपातल्या लाटेत आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की तापलेला वायू दाबाने नळीत घुसतो. या दाबाची एक लाट नळीतून धावते. गरम वायूत तिचा वेग सेकंदाला ५०० मीटरच्या आसपास असतो. नळीच्या मोकळ्या तोंडाशी किंवा सायलेन्सरच्या पेटीशी पोचली की ती उलटून परत फिरते, पण आता दाबाची नव्हे तर ओढून घेणारी लाट होऊन. ही परतीची लाट व्हॉल्व्ह मिटण्याआधी नेमकी वेळेवर पोचली, तर सिलिंडरमधला उरलासुरला जळका वायू खेचून काढते आणि ताजी हवा जास्त आत येते. तेवढ्याने टॉर्क वाढतो.

पण 'वेळेवर' या शब्दात सगळी मेख आहे. एक मीटर नळीतून जाऊन परत यायला लाटेला साधारण ४ मिलिसेकंद लागतात. इंजिन ३००० आरपीएमला फिरत असेल तर तेवढ्या वेळात क्रँक ७२ अंश फिरतो. ६००० आरपीएमला तोच क्रँक १४४ अंश फिरतो. म्हणजे एका फेऱ्यांवर जी लाट मदतीला येते, ती दुसऱ्या फेऱ्यांवर उशिरा पोचते. नळीची लांबी बदलली की मदत मिळण्याची जागा सरकते. सगळीकडे ओढ वाढवणारी नळी नसते. कारखाना आपली गाडी कुठे वापरली जाईल हे पाहून तडजोड ठरवतो. गॅरेजमध्ये नळी कापली की ती तडजोड मोडते, आणि नवी कोणती झाली हे कोणी मोजलेले नसते.

व्यासाचेही तसेच. नळी फार रुंद केली की कमी फेऱ्यांवर वायूचा वेग मंदावतो, त्याच्या धावेचा फायदा जातो आणि गाडी सुरुवातीची ओढ हरवते. यावरून काही मिस्त्री म्हणतात, 'थोडे बॅकप्रेशर पाहिजेच.' त्यांचा अनुभव खरा आहे, कारण मात्र वेगळे आहे. अडथळ्याने ओढ वाढत नाही. अरुंद नळीत वायूचा वेग टिकतो आणि लाटेची वेळ साधते, त्याने ती वाढते.

राहिले फटाके. मोकळ्या सायलेन्सरने कार्बोरेटरच्या गाडीतले हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण बदलते. जेट न बदलता सायलेन्सर मोकळा केला तर मिश्रण पातळ होते, इंजिन तापते. एक्सलरेटर सोडल्यावर जे फटाके वाजतात, ते न जळालेले पेट्रोल गरम नळीत पेटल्याचे असतात. ते पिस्टनवर जळाले असते तर चाक फिरले असते. नळीत जळून ते फक्त शेजाऱ्याच्या लेकराला झोपेतून उठवते.

काळी-पिवळीचा काळ

मग 'सायलेन्सर काढला आणि गाडी उडायला लागली' असे सांगणारे जुने ड्रायव्हर खोटे बोलतात का? तसे नाही. त्यांच्या काळातली गाडी पाहिली पाहिजे.

पेट्रोल महागले आणि जीपमध्ये डिझेल इंजिने आली. महिंद्राने १९६३ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीबरोबर ट्रॅक्टरचा धंदा सुरू केला होता. त्या ट्रॅक्टरच्या इंजिनाचा वंश पुढे जीपमध्येही उतरला. मग प्यूजोच्या परवान्यावर बनलेली डिझेल इंजिने आली. एसटीची फेरी दिवसातून एक-दोनदा असलेल्या गावांना कमांडर, ट्रॅक्स, मॅक्स अशा काळ्या-पिवळ्या गाड्यांनी तालुक्याशी जोडले. आत दहा, मागे लटकलेले पाच आणि टपावर शेळी. आजारी माणूस, बाजाराचे गाठोडे, परीक्षेला निघालेली पोरे, सगळी त्यातच.

टर्बो नसलेल्या त्या डिझेल इंजिनात जोर ठरायचा तो पंपातून येणाऱ्या डिझेलने आणि सिलिंडरला मिळणाऱ्या हवेने. वर्षानुवर्षे काजळी साचून सायलेन्सर आतून बुजे. आतली एखादी पट्टी तुटून वाट अडवी. वायू निघायला जागा नाही म्हणून ताजी हवा कमी येई, गाडी काळा धूर सोडी आणि चढावर रडे. अशा गाडीचा सायलेन्सर काढला की ती खरोखरच उड्या मारायची. तिला नवा टॉर्क मिळत नव्हता, कारखान्यातून निघतानाचा हरवलेला टॉर्क परत मिळत होता. त्यासाठी सायलेन्सर फेकायची गरज नव्हती. तो साफ केला किंवा बदलला तरी हेच झाले असते.

टू-स्ट्रोक गाड्यांनी हा गैरसमज आणखी पक्का केला. राजदूत, येझदी, लूना, चेतक यांच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलेले असे. त्याची चिकट काजळी सायलेन्सरात बसे. उस्ताद आतली नळी काढून जाळावर धरत, कार्बन जाळून झटकत आणि गाडी पुन्हा पळू लागे. शिवाय टू-स्ट्रोकमध्ये सायलेन्सर हा इंजिनाचाच अवयव असतो. पूर्व जर्मनीच्या एमझेड कंपनीत वॉल्टर काडेन याने १९५० च्या दशकात फुगीर पोटाचा 'एक्स्पान्शन चेंबर' असा घडवला की बाहेर निसटणारे ताजे मिश्रण परतीची लाट पुन्हा सिलिंडरात ढकले. १९६१ मध्ये त्याचा स्वार अर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे पळाला आणि ती विद्या सुझुकीकडे गेली. अशा इंजिनाचा सायलेन्सर कापणे म्हणजे त्याचे एक फुफ्फुस कापणे.

हीच विद्या सौम्य रूपात पुण्यातही वापरली गेली. बजाज ऑटोने एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात 'एक्झॉस्टेक' आणले. एक्झॉस्टच्या वाकड्या नळीला जोडलेला एक छोटा डबा, आणि हेतू कमी फेऱ्यांवरचा टॉर्क सुधारण्याचा. नावातला 'टी'च टॉर्कचा. एक्झॉस्ट बदलून ओढ वाढते याचा हा दाखला आपल्याच राज्यातला आहे. फक्त तिथे मोजमाप आधी आले, वेल्डिंग नंतर.

आता काय बदलले?

आजच्या बोलेरोचे १.५ लिटरचे एमहॉक ७५ इंजिन १६०० ते २२०० आरपीएमला २१० न्यूटन-मीटर टॉर्क देते. विलिसच्या २.२ लिटरच्या इंजिनापेक्षा जवळपास दीडपट. आकार लहान आणि ओढ जास्त, हे साधले टर्बोने आणि डिझेल नेमके फवारणाऱ्या इंजेक्शनने. टर्बो धुराच्याच जोरावर फिरतो, म्हणून त्याच्या पुढची वाट मोकळी केली तर तो लवकर फिरू शकतो, हे खरे आहे. पण हवेचा दाब आणि डिझेल किती हे आता कॉम्प्युटर ठरवतो. नुसती नळी बदलून तो ऐकत नाही. पेट्रोल गाड्यांत धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर असतो, आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढला की डॅशबोर्डवर दिवा लागतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आले आणि हे जाळे आणखी घट्ट झाले.

कायदाही स्पष्ट आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १२० प्रमाणे प्रत्येक वाहनाला सायलेन्सर हवाच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते अधोरेखित केले. आवाज आणि धुराच्या मर्यादा मोडल्यास कलम १९० खाली दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि लायसन्स निलंबित होऊ शकते. महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत पोलिसांनी जप्त सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवरून रोडरोलर फिरवले. त्या फोटोत चिरडलेले लोखंड दिसते. त्यात गेलेली मजुरी दिसत नाही.

शेजाऱ्याला आपल्यापासून त्रास होऊ नये, ही शिकवण आपल्याला घरातूनच मिळते. ती फक्त भिंतीपलीकडच्या माणसापुरती नाही. सास्तूरसारख्या गावात, जिथे रात्री जमीन गडगडल्याचा आवाज आठवणारी माणसे अजून आहेत, तिथे मध्यरात्री फटाका सायलेन्सर घुमवण्याआधी पोरांनी याचा विचार करावा.

उस्तादांचा कान

शेवटचा मुद्दा पोरांपेक्षा मोठ्यांसाठी आहे. आवाज ऐकून कोणता व्हॉल्व्ह सैल आहे, धुराचा रंग पाहून पंप किती जास्त डिझेल टाकतो आहे, नळीला हात लावून सायलेन्सर बुजला आहे की नाही, हे सांगणारे उस्ताद आपल्याकडे होते आणि आहेत. त्यांना टॉर्कचे सूत्र कोणी शिकवले नाही, पण गाडीची ओढ कुठे अडली हे त्यांना कळते. ही विद्या उस्तादाकडून शागीर्दाकडे तोंडी गेली. तिला ना प्रमाणपत्र, ना पेन्शन.

बीएस-६ च्या गाडीपुढे हा कान अपुरा पडू लागला आहे. दोष कानाचा नाही. त्याच्या जोडीला स्कॅनर, मोजमाप आणि वाचता येईल अशी माहिती लागते. पुण्यात १९६६ पासून एआरएआय ही वाहन संशोधन संस्था टॉर्क आणि आवाज दोन्ही मोजते. आपल्या राज्यात हे ज्ञान सहा दशके आहे. ते उमरग्याच्या गॅरेजपर्यंत मराठीतून, दखनीतून पोचवणे अवघड नाही. जमातींनी, ट्रस्टांनी, गावातल्या शिकलेल्या मंडळींनी मनावर घेतले तर दुपारच्या वेळात गॅरेजवर काम करणाऱ्या पोराला आयटीआयची वाट दाखवता येते. चाचाच्या हाताखालच्या शागीर्दाला स्कॅनर घेऊन देता येतो. एका स्कॅनरवर किती गाड्या तपासता येतील आणि किती घरांची रोजी टिकेल, याचा हिशोब कोणत्याही मिस्त्रीला तोंडपाठ आहे.

आणि पोरांनी विचारले की सायलेन्सर बदलला तर ओढ वाढते का, तर त्यांना सरळ सांगावे: बुजलेला असेल तर साफ कर, फुटलेला असेल तर कंपनीचा बसव, एअर फिल्टर बदल, टायरमधली हवा बघ. तुझ्या इंजिनात जेवढी ओढ आहे, तेवढी पूर्ण मिळेल. त्याहून जास्त हवी असेल तर आधी मोजायला शिक. शिकवायला उस्ताद तयार आहेत.